अँप्लिफायर जोडायला बसण्याआधी टेबलावर काय हवं

बाबांच्या जुन्या स्पीकरांसाठी गेल्या वर्षी टीडीए 2030 या अँप्लिफायरच्या आयसीवर अँप्लिफायर जोडला आणि पहिल्याच दिवशी 12-0-12 (मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंना 12 व्होल्ट), 3 अँपिअरचा कोरा ट्रान्सफॉर्मर जाळला. बाकी सगळं सामान टेबलावर होतं, फक्त सिरीज बोर्ड, म्हणजे सप्लायच्या वाटेत बल्ब घालणारी पेटी, नव्हता. एसीचा डीसी करणाऱ्या ब्रिजच्या चार डायोडांपैकी एक उलटा बसला होता. मी प्लग थेट भिंतीच्या सॉकेटात लावला, ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला, आणि तो आवाज स्पीकरमधून येतोय असं समजून मी इनपुटच्या वायरी हलवत बसले. वार्निश जळल्याचा वास आला तेव्हा प्लग ओढला. डायोड चारही शाबूत निघाले. ट्रान्सफॉर्मरवरचा पिवळा कागद मात्र काळा पडला होता आणि प्रायमरीला (230 व्होल्टच्या बाजूच्या गुंडाळीला) मीटर काही दाखवत नव्हता. सगळ्या सामानात महाग वस्तू तीच होती.

आता पुन्हा जोडायला घेतेय, म्हणून यादी लिहून काढतेय. कोणाला असंच काही करायचं असेल तर ही आधी वाचा, मग बाजारात जा.

पहिली वस्तू सिरीज बोर्ड. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही जुन्या दुकानात भिंतीवर असतो, लाकडी नाहीतर पीव्हीसीच्या पेटीवर एक बल्ब आणि शेजारी सॉकेट. घरी करायला अर्धा तास लागतो. एक बॅटन होल्डर, एक तीन पिनचं सॉकेट, एक स्विच, एक पेटी. फेज स्विचमधून बल्बच्या होल्डरला, होल्डरच्या दुसऱ्या टोकातून सॉकेटच्या फेजला (सॉकेटकडे तोंड केलं की उजवीकडची), न्यूट्रल आणि अर्थ सरळ सॉकेटला. झाल्यावर आधी इस्त्री लावून बघा. बल्ब जवळजवळ पूर्ण पेटला पाहिजे आणि इस्त्री गार राहिली पाहिजे. सॉकेट रिकामं असताना बल्ब पेटत असेल तर जोडणी चुकलीय, पुढे जाऊ नका. 230 व्होल्टची वायरिंग कधी केली नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

बल्ब फिलामेंटचाच हवा, पिवळ्या उजेडाचा, 60 वॅटचा. एलईडी चालत नाही. पुढे शॉर्ट झाला की फिलामेंट तापून सगळा व्होल्टेज स्वतःवर घेतं, आणि 60 वॅटचं फिलामेंट फार तर पाव अँपिअरच्या थोडा वर करंट जाऊ देतं. 12-0-12, 3 अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर प्रायमरीला साधारण 0.3 अँपिअर घेतोच, म्हणजे सेकंडरी (12 व्होल्टच्या बाजूची गुंडाळी) शॉर्ट असली तरी तो जळायचा नाही. बल्ब भगभगून पेटेल आणि तुम्ही स्विच बंद कराल. मला एवढंच हवं होतं. घरच्या एमसीबीच्या भरवशावर राहू नका. तो 6 नाहीतर 16 अँपिअरचा असतो, दोन-तीन अँपिअरला तो हलतही नाही, आणि ट्रान्सफॉर्मर तेवढ्यात भाजून निघतो.

सिरीज बोर्ड शॉकपासून मात्र वाचवत नाही. पाव अँपिअर म्हणजे 250 मिलिअँपिअर, माणूस त्याच्या कितीतरी आत मरतो. चालू असताना प्रायमरीच्या बाजूला हात नाही, आणि घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवून घ्या.

आता बाकीचं. टेबल लाकडी, उजेड डाव्या हाताकडून, पंखा असा की धूर तोंडावर न येता खिडकीकडे जाईल. सुटे स्क्रू ठेवायला झाकणाचे डबे. पकड, कटर, चिमटा, पेचकस हे घरात असतंच.

सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं पुरतं, पण ट्रान्सफॉर्मरच्या जाड वायरींना आणि डब्याच्या अर्थच्या टॅगला 60 वॅटचं लागतं. छोट्या आयर्नने तिथे रेटत बसलात तर वायरचं प्लास्टिक मागे वितळत जातं आणि जॉइंट तरीही कच्चा राहतो. सोल्डर 60/40, आतून राळ असलेली, बारीक. नळाच्या कामाची आम्लाची पेस्ट स्वस्त मिळते, ती घेऊ नका. वर्षभरात तांबं हिरवं पडतं. आयर्नची टिप ओल्या स्पंजावर किंवा पितळी तारेच्या गोळ्यावर पुसायची. कानस किंवा पॉलिश पेपर लावला की वरचा लोखंडाचा थर जातो, मग आतलं तांबं सोल्डरमध्ये विरघळतं आणि टिप आठवड्यात खड्ड्यात जाते. ठेवताना टिपवर सोल्डरचा थेंब राहू द्या.

जॉइंट करताना बोर्डावरचा पॅड आणि त्यातून आलेला पाय दोन्हींना टिप एकदम टेकवायची, एक-दोन सेकंद थांबायचं, मग सोल्डर जॉइंटला लावायची, टिपला नाही. बरोबर जमलं की सोल्डर पायाभोवती आपोआप चढते, कडेला बारीक होत जाते आणि गार होताना चकाकी धरते. मण्यासारखी गोल बसली तर पॅड तापलाच नव्हता. पुन्हा तापवा, वर आणखी सोल्डर ओतू नका. सोल्डर काढायला पंप आणि तांब्याची विक (सोल्डर शोषणारी विणलेली पट्टी) दोन्ही ठेवा. 60/40 मध्ये शिसं असतं, म्हणून टेबलावर चहा नको आणि उठताना हात साबणाने धुवा.

मल्टिमीटर दोन टोकं जोडलेली असली की बीप करणारा हवा. लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर म्हणजे नुसती तार, समोर जे असेल ते शॉर्ट. करंट मोजून झाला की प्रोब लगेच परत जागेवर. डायोड लावण्याआधी प्रत्येक डायोड मोडवर तपासा, सुलट बाजूने 0.5 ते 0.7 च्या आसपास, उलट बाजूने काही नाही. पट्टा म्हणजे कॅथोड, तो बोर्डावर छापलेल्या पट्ट्यावर आला पाहिजे. माझा पट्टा उलटा होता आणि मला तो चार वेळा बघूनही दिसला नाही. म्हणूनच म्हणते, डोळ्यांवर सोडू नका, सिरीज बोर्ड असू द्या.

सामान पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतं. आयसी दोनच्या जागी तीन घ्या, 1एन5408 डायोड चारच्या जागी सहा. फिल्टरचे कपॅसिटर 4700 मायक्रोफॅरड, 25 ऐवजी 35 व्होल्टचे. आयसी साधा टीडीए 2030 नको, त्यापुढे ए असलेला घ्या. 12 व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन 17 च्या घरात जातो आणि भार नसताना, लाइन चढलेली असताना 18 ओलांडतो. साध्या 2030 ची मर्यादा दोन्ही बाजूंना 18 आहे, 2030ए ची 22. नाहीतर ट्रान्सफॉर्मर 9-0-9 घ्या, आवाज थोडा कमी, पण घरात पुरतो.

फ्यूज होल्डर आणि 500 मिलिअँपिअरचे स्लो-ब्लो फ्यूज, पाच-सहा. प्रायमरीच्या फेजमध्ये. तोही गेल्या वेळी मी नंतर लावू म्हणून ठेवून दिला होता. फ्यूज आहे म्हणून सिरीज बोर्ड नको असं मनात आणू नका. फ्यूज उडाला की चूक कुठे आहे हे कळत नाही, दुसरा लावता, तोही उडतो. बल्ब चुकीवर पेटून राहतो, त्यामुळे बंद करून, एक भाग सुटा करून, पुन्हा लावून शोधता येतं.

हीटसिंकसोबत (आयसीची उष्णता घेणारा धातूचा तुकडा) आयसी त्यापासून विजेने वेगळा ठेवायला मायका वॉशर आणि प्लास्टिकच्या बुश्या मागून घ्या, दुकानदार स्वतःहून देत नाही. टीडीए 2030 चा धातूचा टॅब तिसऱ्या पायाला, म्हणजे निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. हीटसिंक डब्याला टेकला आणि डबा ग्राउंडला असला की निगेटिव्ह बाजू सरळ शॉर्ट. स्क्रू आवळल्यावर टॅब आणि हीटसिंक यांच्यात बीप वाजता कामा नये.

जोडणी एकदम करू नका. आधी फक्त ट्रान्सफॉर्मर, सिरीज बोर्डवर. बल्ब क्षणभर लुकलुकेल आणि विझेल किंवा नुसता लालसर राहील. सेकंडरी मोजा. मग ब्रिज आणि कपॅसिटर, पुन्हा सिरीज बोर्डवर. कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब पेटतो आणि पटकन उतरतो. उतरला नाही तर लगेच बंद, डायोड आणि कपॅसिटरची दिशा बघा. प्लस आणि मायनस सारखे आले का मोजा. बंद केल्यावर कपॅसिटर 1 किलोओहम, अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा, अर्धा मिनिट धरून. पेचकसने शॉर्ट करायचं नाही.

मग आयसीचं बोर्ड, स्पीकर न लावता. सिरीज बोर्डवरच. आउटपुटला डीसी काही मिलिव्होल्ट असावा. व्होल्टांत आला तर स्पीकर लावू नका, कॉइल जाईल.

मग स्पीकर, आवाज अगदी कमी. मोठा केला की बल्ब उजळतो आणि व्होल्टेज पडतो, त्यात बिघाड नाही. दहा मिनिटं नीट चाललं, हीटसिंक हाताला सोसण्याइतका गरम राहिला, तर बंद करा, फ्यूज आहे याची खात्री करा, डब्याला अर्थ लावा, झाकण बसवा, आणि मगच भिंतीच्या सॉकेटात.

फिलामेंटचे बल्ब आता प्रत्येक दुकानात नसतात. 60 वॅटचे दोन आजच आणून ठेवा, रात्री नऊ वाजता मिळायचे नाहीत.