जिम न लावता घरातल्या सगळ्यांनी व्यायाम कसा करायचा

आमच्याकडं व्यायामाचा विषय काढला की पुरुष म्हणतात वेळ नाही, बाया म्हणतात रोडनं एकटी फिरले तर गल्ली काय म्हणल, आणि म्हातारे म्हणतात आता काय राहिलंय. म्हणून इथं घरात नाहीतर घराजवळ फुकटात होतंय तेवढंच सांगतो.

लेकरांचं सोपंय. ५ ते १७ वयाला रोज ६० मिनिटं धावपळ पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तर संध्याकाळी एक तास मोबाईल काढून घ्या अन् बाहेर हाकला, लंगडी, खोखो, सायकल काहीही चालतंय. खरा घोळ अकरावी-बारावीला होतो, लातूरला क्लास लावलेलं पोरगं दिवसभर बाकावरच असतंय, त्याला निदान क्लासला पायी नाहीतर सायकलवर जाऊ द्या, स्कूटी लगेच घेऊन देऊ नका. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे २०२२ च्या कॉमनवेल्थमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीत, सिल्व्हर घेऊन आला, तो काय एसी जिममधून नाही निघाला.

मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे ५ दिवस अर्धा अर्धा तास चालणं. एकदम जमत नसेल तर १०-१० मिनिटांचे तीन तुकडे करा, तेही धरतात. स्पीड कसा बघायचा, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. बाहेर जायचं जमत नसेल तर गच्चीवर चकरा मारा. आणि दोन दिवस ताकदीचं काहीतरी, ५ लिटरचा रिकामा तेलाचा कॅन पाण्यानं भरला की झाला ५ किलोचा डंबेल, जड वाटला तर अर्धाच भरा. बाळंतपणानंतर मात्र घाई नको, सिझर असेल तर डॉक्टरला विचारूनच, सुरुवात हळू चालण्यापासून.

एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा सकाळी ७ च्या आत उरका नाहीतर रात्री जेवायच्या आधी.

आता म्हाताऱ्यांचं, इथं जरा नीट वाचा, कारण या वयात पडणं लई महागात पडतंय. गार्डनमधल्या ओपन जिमच्या नादी लागू नका, आमच्या इथल्या मशीनचे अर्धे दांडे जाम झालेत आणि उरलेल्यांवर पोरं झोके घेतात. घरची खुर्ची बास. खुर्चीत बसायचं, हात छातीवर, हाताचा टेकू न घेता उठायचं, परत सावकाश बसायचं, असं ५ वेळा. पहिल्या दिवशी आईला मी प्लॅस्टिकची खुर्ची दिली, ती फरशीवर मागं सरकली अन् आई धपकन खाली, नशीब लागलं नाही, पण आठ दिवस सगळ्या पाहुण्यांना फोनवर तेच सांगणं चालू. तेव्हापासून खुर्ची भिंतीला टेकवून. ते झालं की किचनचा ओटा धरून एका पायावर १० सेकंद उभं राहायचं, मग दुसरा पाय, आठवड्यातून तीनदा तरी. छातीत दुखलं, चक्कर आली की लगेच थांबायचं अन् दवाखाना, बीपी-शुगरवाल्यांनी सुरुवातीलाच विचारून घ्यायचं.

आई आता १२ वेळा उठते. मी मोजायला नसलो की २० सांगते.