एप्रिलमधला उष्णतेचा तास: आदल्या दिवशीची तयारी

तापलेलं लोखंड गार पाण्यात सोडून दाखवायचं असेल तर सामानाआधी वेळापत्रक बघा. आपल्याकडे जळगाव-अमळनेर पट्ट्यात एप्रिलच्या दुपारी वर्गच 40 अंशांना टेकतो. मग माठातल्या पाण्याला नट तापवतात आणि खोलीही तापवते. कुणी किती उष्णता दिली याचा हिशेब लागत नाही. सकाळच्या शाळेतला पहिला तास मागून घ्या.

लोखंडी नट हार्डवेअरवाल्याकडून आणा, सगळे मिळून 200 ग्रॅम, आणि दोऱ्यात ओवून ठेवा. थर्मामीटर प्रयोगशाळेतला, 110 अंशांपर्यंतचा. ताप बघायचा इथे कामाचा नाही. ग्लास थर्मोकोलचा, कारण काच स्वतःच बरीच उष्णता खाते. पुठ्ठ्याचं झाकण, वजनकाटा, शेगडी.

पाणी माठातलंच, 200 ग्रॅम. खोली 28 अंशांवर असेल तर पाणी 24 च्या आसपास हवं. सुरुवातीला पाणी खोलीकडून थोडी उष्णता घेतं, शेवटी खोलीपेक्षा गरम झालं की तिला परत देतं, आणि दोन्ही गळती जवळपास फिटतात. रमफर्ड या शास्त्रज्ञाची ही जुनी युक्ती आपल्या माठाने फुकटात साधते.

नट 10 मिनिटं उकळू द्या. बाहेर काढताना जोरात झटका: चिकटून आलेलं 1 ग्रॅम उकळतं पाणी 9 ग्रॅम लोखंडाइतकी उष्णता आणतं. प्रयोग बिघडतो तो बहुतेक इथेच.

नट सोडण्याआधी पाणी शेवटी किती अंशांवर येईल याचे मुलांचे अंदाज फळ्यावर घ्या. वजन सारखं म्हणून पुष्कळजण साठ-बासष्ट सांगतील. येतात जेमतेम साडेएकतीस, कारण पाण्याची विशिष्ट उष्माधारकता (1 ग्रॅम 1 अंशाने तापवायला लागणारी उष्णता, कॅलरीत) 1, लोखंडाची 0.11. कुणीतरी म्हणेल, ‘सर, पानीनी थंडी नटमा गयी.’ त्याला हसून गप्प करू नका. थंडी वाहते असं धरूनही हे गणित जुळतं! गणिताने तो हरणार नाही, म्हणून गरम वस्तूचे कण जास्त जोरात हलतात आणि धक्क्यांनी ती ऊर्जा शेजारच्या कणांना देतात, हे उत्तर तयार ठेवा.

दुपारचाच तास मिळाला आणि खोली 39 वर असेल, तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी माठातल्या पाण्यात मिसळून 36 वर आणा. मग थर्मामीटर 42 च्या थोडा वर थांबायला हवा.