६५०२ च्या कोडात फंक्शनची सुरुवात कशी शोधायची

६५०२ या जुन्या ८-बिट प्रोसेसरचा डिसअसेम्ब्लर, म्हणजे मशीन कोडाचे बाइट पुन्हा वाचता येतील अशा सूचनांत उलगडणारा प्रोग्राम, लिहिताना पहिल्या बाइटपासून सरळ वाचत सुटू नका. मध्ये डेटा आला की पुढच्या सूचना चुकीच्या जागी तुटतात. खात्रीच्या पत्त्यांपासून निघा आणि उड्यांचा माग काढा. रॉम असेल तर $एफएफएफए ते $एफएफएफएफ ($ म्हणजे सोळा-आधारी आकडा) या ६ बाइटांत एनएमआय, रीसेट आणि आयआरक्यूचे पत्ते असतात (एनएमआय आणि आयआरक्यू हे इंटरप्ट), खालचा बाइट आधी. कमोडोर ६४ या संगणकाचा प्रोग्राम असेल तर $०८०१ वरची बेसिकची ओळ वाचा: ‘एसवायएस २०६१’ (२०६१ या पत्त्यावरचा कोड चालवा) म्हणजे प्रवेश $०८०डी ला.

मग प्रत्येक जेएसआरचा (फंक्शनला बोलावणारी सूचना) पत्ता रांगेत टाका. इथवर सोपं आहे. माझा जीव अडकतो तो आरटीएसच्या (फंक्शनमधून परतायची सूचना) युक्तीत. कोड टेबलातून पत्ता उचलतो, आधी वरचा आणि मग खालचा बाइट पीएचएने स्टॅकवर ढकलतो आणि आरटीएस करतो. आरटीएस स्टॅकवरून तो पत्ता उचलून त्यात १ मिळवतो आणि तिथे जातो. म्हणून टेबलात ‘३एफ सी१’ दिसलं तर फंक्शन $सी१४० ला, $सी१३एफ ला नाही! दोन पीएचएंमागोमाग आरटीएस दिसला की टेबल हुडकाच. बरेचदा वरचे आणि खालचे बाइट वेगवेगळ्या टेबलांत असतात.

कमोडोरवर $०३१४ आणि $०३१५ मध्ये कोण काय लिहितंय तेही पाहा. तो इंटरप्ट रुटीनचा पत्ता. तिथे जेएसआर सहसा पोचतच नाही. अ‍ॅपल टूच्या प्रोडॉस या ऑपरेटिंग सिस्टममध्ये ‘जेएसआर $बीएफ००’ नंतरचे ३ बाइट डेटा असतात, ते ओलांडा. आणि अंदाजाने ठरवलेल्या प्रवेशांना वेगळं लेबल द्या, म्हणजे नंतर हाताने तपासता येतील.