साधं लग्न करायचंय? आधी वही काढा

मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्या सांगली जिल्ह्यातली, पलूस-कुंडलकडची पोरं-पोरी माझ्याकडं एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. "बाई, आम्हाला साधं लग्न करायचंय, घरचे ऐकत नाहीत." त्यांना सांगते तेच इथं लिहिते.

घरात भाषण ठोकू नका. वही वडिलांच्या हातात द्या. बस्ता, मांडव, डीजे, जेवणावळ, भावकीचे टॉवेल-टोपी... प्रत्येकापुढं रक्कम, आणि ती कुठून येणार तेही. 'सोसायटीचं कर्ज', 'आईच्या पाटल्या' हे त्यांच्याच अक्षरात उतरू द्या. "लोक काय म्हणतील?" आलं, की त्या लोकांची नावं लिहायला सांगा. यादी फार लांबत नाही, आणि त्यातले बरेच जण स्वतःच पोरीच्या लग्नाचं कर्ज फेडत असतात.

आजीचं वेगळं. तिला डीजे नको असतो, देव हवा असतो. पालीच्या खंडोबाला जायचंय, जागरण-गोंधळ घालायचाय, तर घालू द्या की! तुम्ही देव मानत नसाल, पण स्वतःला मोकळीक मागायची आणि म्हातारीला द्यायची नाही, हा कुठला न्याय? हुंड्यापुढं मात्र आजीचंही ऐकू नका, मग तो 'हौसेनं देतोय' म्हणून आला तरी. १९६१ च्या कायद्यानं देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे.

"असलं आपल्यात नसतं" म्हणणाऱ्यांना क्रांतिसिंह नाना पाटलांची आठवण द्या. त्यांनी इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या प्रतिसरकारच्या काळात याच मुलखात, तेव्हा त्यातला बराचसा सातारा जिल्ह्यात होता, बिनखर्चाची गांधी लग्नं लागली. एखाद्या घरात आजोबांचंच तसं लागलेलं निघतं. मग वडिलांचा आवाज जरा खाली येतो.

आता नोंदणी लग्नाचे कागद. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न उरकायचं. नोटीस कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात, म्हणजे भावकीला बातमी लागणारच. आजीला ती तुमच्याकडून आधी कळू द्या. जात-धर्म वेगळा असेल आणि घरात मारहाणीची भीती असेल, तर मात्र यातलं काही करू नका, थेट वकील गाठा.

लग्न कुठल्या पद्धतीनं लावायचं याची हा कायदा सक्ती करत नाही. अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांना स्वीकारल्याचं आपल्याला समजेल अशा भाषेत म्हणायचं. सोबत अक्षता टाकल्या तरी कुणी अडवत नाही.

राहता राहिला रुसलेला मामा. त्याला साक्षीदारांत घ्या, आणि आधार कार्ड आणायची आठवण आदल्या रात्री फोन करून द्या.