अंबडच्या शेडमध्ये आलेली नाव

आयटीआय करून मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका फायबरच्या शेडमध्ये लागलो, तेव्हा आमच्याकडे पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या आणि बसचे बंपर व्हायचे. साच्यात जेलकोट, म्हणजे मालाचा बाहेरचा चकचकीत थर, मारायचा, काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिला रेझिन, म्हणजे नंतर टणक होणारा चिकट द्रव, पाजायचं, रोलर फिरवून हवा काढायची. सहा महिन्यांत मला वाटायला लागलं की आपल्याला काम येतं. मग एका नोव्हेंबरात टेम्पोतून हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेल्या दोन लांबुळक्या पांढऱ्या होड्या आल्या आणि तो समज उतरला.

कॅटामरान, दोन होड्या जोडून एकच नाव. शब्द मूळ तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. आमच्याकडे आलेली मात्र हॉबी १६ जातीची होती. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या हॉबी आल्टरने १९७० च्या सुमारास बाजारात आणलेली ही नाव. लांबी ५ मीटरच्या थोडी वर, शिडासकट वजन साधारण १४५ किलो. दोन अरुंद हल, म्हणजे नावेची पोकळ अंगं, त्यांना जोडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या, मधे बसायला ताणलेलं जाळीचं कापड. हल केळ्यासारखे वाकडे असतात, म्हणून पाण्याखाली वेगळी फळी लागत नाही आणि नाव सरळ काठावर चढवता येते. चढवता येते म्हणून सगळे चढवतात. कोकणात वाळूवर चढवली तर थोडं खरवडतं, आपल्याकडे धरणाच्या काठाला काळा दगड. नावेचे मालक काका रिटायर झाल्यावर हौसेने ती जुनी नाव कोकणातून घेऊन आले होते. दोन हंगामांत तळाची धार बोटभर रुंद घासली गेली होती आणि आतलं कापड दिसत होतं.

  

मी लगेच ग्राइंडर उचलला. वस्तादांनी तो हातातून काढून घेतला आणि खिशातलं दोन रुपयांचं नाणं दिलं. “आधी वाजव.”

माठ घेताना आपली आई टिचकी मारून बघते, तेच हे काम. हलचं पोट आणि डेक, म्हणजे वरची बाजू, सँडविच असतात: बाहेर फायबरची पातळ कातडी, मधे फोम, आत पुन्हा कातडी. तिघं घट्ट चिकटलेले असले तर नाणं टणटणीत वाजतं. कातडी फोमवरून सुटली असेल तर थप, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं. मी दोन तास वाजवत बसलो आणि मेण-पेन्सिलने थपथपीत जागांना वेढे घातले. तळाला जिथे डोळ्यांना जखम दिसत होती तिथे आवाज चांगला होता. खरा रोग निघाला वर डेकवर, पुढच्या खांबाच्या पुढे, जिथे माणूस पाय ठेवतो. ताटाएवढी जागा अंगठ्याने दाबली की खाली जायची. बाहेरून पॉलिश केलेली, चकचकीत. नवीन पोरांना माझं पहिलं सांगणं हेच: नाणं घ्या, रेझिनचा डबा नंतर उघडा.

दुसरी तपासणी काट्यावर. दोन्ही हल वेगवेगळे तोलले, डावा ४ किलो जास्त भरला. जुळी भावंडं, मग ४ किलो आले कुठून? पाणी. मागचं बूच काढून हल उभा केला तर तांब्याभर निघालं, बाकीचं फोममध्ये मुरलेलं. गळती शोधायची रीत पंक्चरवाल्याची. बुचाच्या भोकातून हलकी हवा भरायची आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. कॉम्प्रेसरची नळी अजिबात लावू नका, हल सांध्यावर उकलतो. आम्ही सायकलचा पंप घेऊन, भोकाभोवती चिंधी गुंडाळून हवा भरली. डेक आणि पोट जिथे चिकटवलेले असतात त्या शिवणीवर एका जागी बुडबुड्यांची मोत्यांसारखी माळ उठली. ती जागा पाहताना जो आनंद झाला तो पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही नावेला काहीच केलं नाही. बुचं काढली, थपथपीत जागेत बारीक भोकं पाडली आणि ती कोरड्या हवेत पडू दिली. काका दर शनिवारी येऊन विचारायचे, “सुरू केलं का?” वस्ताद म्हणायचे, “सुरू आहे, वाळतेय.” ओल्या फोमवर केलेलं काम म्हणजे ओल्या भिंतीला दिलेला रंग. म्हणून असलं काम पावसाळ्यात घेऊच नये. नाशिकची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा वाळवायला उत्तम, पण तीच थंडी रेझिनला मारते. त्याबद्दल पुढे.

डेकची दुरुस्ती सुईने केली, अक्षरशः. ३ मिमीच्या ड्रिलला टोकापासून मोजून टेप गुंडाळायची, म्हणजे ते वरच्या कातडीतून फोममध्ये जाईल पण खालची कातडी फोडणार नाही. इंच-इंचावर भोकांची जाळी. मग मेडिकलमधून आणलेल्या मोठ्या सिरिंजने एपॉक्सी रेझिन, तेही सावकाश घट्ट होणारं, एका कडेच्या भोकातून भरायला लागायचं. शेजारच्या भोकातून ते वर आलं की त्यावर टेप आणि पुढच्या भोकाकडे. सगळं भरल्यावर वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर वाळूची पिशवी. पिशवी बेताचीच ठेवा. मी पहिल्यांदा सिमेंटची अख्खी गोणी ठेवायला निघालो होतो. डेक खोलगट झाला असता आणि तसाच कडक झाला असता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण टाक्यांच्या शेडमध्ये ती कोणी सांगत नाही. पॉलिएस्टर आणि एपॉक्सी ही रेझिनची दोन वेगळी घराणी आहेत. वाळलेल्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी छान धरतं. एपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा नेहमीचा जेलकोट भरवशाने धरत नाही. म्हणून वर शेवटी जेलकोट हवा असेल तर खालची दुरुस्तीही पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टरने करा. एपॉक्सी वापरलं तर वर रंग द्या. दुसरं, आपली नेहमीची तुकड्यांची मॅट असते तिच्या धाग्यांना धरून ठेवणारा चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, म्हणून ती मऊ पडून वळणावर बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, मॅट ताठच राहते. एपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्यावं.

आता माझी फजिती. तळाच्या धारेवरचा पहिला तुकडा मी एकट्याने केला. ग्राइंडरने खरवडलं, मग अ‍ॅसिटोनने पुसलं, तीन थर मॅट बसवली, रोलर फिरवला, दुसऱ्या दिवशी टणक झालं. चौथ्या दिवशी वस्तादांनी कडेला पटाशी घातली आणि अख्खा तुकडा भाकरीच्या पापुद्र्यासारखा वर आला. खाली पृष्ठभाग गुळगुळीत, स्वच्छ, काही चिकटलंच नव्हतं. काकांनी दोन वर्षं हौसेने नावेला वॅक्स पॉलिश केलं होतं. मी घासताना ते मेण ओरखड्यांत दाबून बसवलं आणि वरून अ‍ॅसिटोन फिरवून पसरवलं. क्रम उलटा हवा. आधी पुसा, मग घासा, मग पुन्हा पुसा. आणि पुसताना दोन फडकी, एक ओलं आणि लगेच मागून दुसरं कोरडं, नाहीतर मेण विरघळून जागच्या जागीच वाळतं. वस्ताद रागावले नाहीत. तो पापुद्रा त्यांनी माझ्या टेबलावर खिळ्याला टांगून ठेवला, महिनाभर.

दुसऱ्या वेळी उतार नीट केला. जखमेच्या कडेपासून जाडीच्या बारापट लांब उतार काढायचा. कातडी ३ मिमी असेल तर चहूबाजूंनी ३६ मिमी. एवढ्याशा भोकाला एवढं मोठं मैदान कशाला, असं वाटतं, पण नवीन थराला धरायला जागा तिथेच मिळते. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर भिजून साधारण १ मिमी जाडी देतो, म्हणजे तीन थर. मॅट आधी कापून तोलून ठेवा. १०० ग्रॅम मॅटला २०० ते २५० ग्रॅम रेझिन पुरतं. जास्त ओतलं म्हणजे मजबूत झालं असं नाही, नुसतं रेझिन काचेसारखं तडकतं.

हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, त्याचं प्रमाण १ ते २ टक्के. आमच्या शेडमध्ये सगळे बुचाने टाकायचे, “एक बूच, अर्धा मग” असल्या हिशोबाने, आणि टाकीला ते चालून जायचं. नावेच्या कामाला मी किचनचा डिजिटल काटा आणला. २०० ग्रॅम रेझिनला ३ ग्रॅम. जानेवारीत नाशिकचं पहाटेचं तापमान दहाच्या खाली जातं, तेव्हा सकाळी आठला लावलेलं रेझिन संध्याकाळपर्यंत चिकट राहिलं. मोह होतो हार्डनर वाढवायचा. वाढवू नका, कामाची वेळ बदला. आम्ही अकरा ते तीन एवढंच लावायचो, नावेचा तुकडा आधी उन्हात ठेवायचो आणि हार्डनर घालण्याआधी रेझिनचा डबा कोमट पाण्याच्या बादलीत. मार्चअखेरीला उलट. खोल डब्यात अर्धा किलो कालवून मी फोन घ्यायला गेलो, परत आलो तर डबा धुमसत होता आणि हात लावता येत नव्हता. तेव्हापासून थोडंथोडं कालवतो आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओततो. पण उन्हाळा म्हणून हार्डनर १ टक्क्याच्या खालीही नेऊ नका, ते कधीच पुरतं पिकत नाही.

रेझिन लवकर पिकावं म्हणून त्यात कोबाल्टचं द्रावण घालतात; ते कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांना थेट भेटू देऊ नका. आग लागते, फुटूही शकतं. रेझिन कोबाल्ट घातलेलंच घ्या म्हणजे प्रश्न मिटला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा गॉगलबद्दल हसणाऱ्याला हसू द्या. वासाला कोळशाच्या काडतुसाचा मास्क लागतो, धुळीचा कापडी मास्क वासाला उपयोगाचा नाही. खाजेचं म्हणाल तर ती येणारच. घासायच्या आधी मनगटांना पावडर लावा, घरी गेल्यावर आधी गार पाण्याने अंघोळ करा आणि कपडे घरच्यांच्या कपड्यांत टाकू नका. हा शेवटचा धडा मला आईने दिला.

घासण्याचं काम दहा दिवस चाललं आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हातभर लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासायचं. नुसत्या बोटांनी घासलं की खड्डे पडतात. वर पेन्सिलने रेघोट्या मारायच्या, फळी फिरवायची, जिथे रेघ राहिली तिथे खोलगट आहे. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा. डोळा फसतो, हात फसत नाही.

जेलकोटच्या रंगावर मात्र मी चार दिवस घालवले. पांढरा पांढरा नसतो. उन्हात राहिलेल्या नावेचा पांढरा दुधाच्या सायीकडे झुकतो. आधी जुन्या जेलकोटचा एक कोपरा कंपाउंडने, म्हणजे घासायच्या पेस्टने, घासून खरा रंग वर आणा, मग पिवळ्या आणि काळ्या पिगमेंटचा सुईच्या टोकाएवढा ठिपका घालत कालवा, आणि वाळल्यावरच जुळवून बघा, तेही शेडबाहेर उजेडात. जाडी साधारण अर्धा मिमी. हवेत उघडा राहिला तर जेलकोट वरून चिकटच राहतो, म्हणून शेवटच्या हाताला त्यात मेणाचं द्रावण घालावं किंवा वर पीव्हीए, म्हणजे हवा अडवणारा पातळ पापुद्रा, फवारावं. मग ४०० पासून १५०० पर्यंतचे वॉटर पेपर पाण्याबरोबर, कंपाउंड, बफ. कडांवर बफ दाबू नका, क्षणात आरपार जातं.

या कामावर पोट भरेल का, असं मला पोरं विचारतात. नाशकात नुसत्या नावांवर नाही भरणार. पण अंबड, सातपूर, सिन्नरला साच्यातून माल काढणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात मोडलेलं जोडणारा विरळा. आता बसचा फुटलेला पुढचा भाग, केमिकलच्या टाकीची गळती, बंगल्यावरचा फायबरचा घुमट, अशी कामं मला फोनवर येतात आणि सगळीकडे मी खिशातून नाणंच काढतो.

एप्रिलमध्ये नाव धरणावर नेली. वारा बरा होता, काका तासभर फिरून आले, चेहरा लहान पोरासारखा. काठावर आम्ही चटई अंथरली होती, दगडावर चढवू दिलं नाही. मी डाव्या हलचं बूच काढून तो उचलला. कपाच्या तळाला राहतं तेवढं पाणी बाहेर आलं. काका म्हणाले, “हे चालतं रे.” वस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेम्पोतून साबणाची बाटली आणि पंप घेऊन आलो. सुकाणूच्या बिजागरीच्या खालच्या स्क्रूपाशी, अगदी कडेला, एक बुडबुडा फुगत होता.