गाडीचं ऑइल बघायचं तर आधी सपाट जागा शोधा

गणपतीला गावी निघताना टायरची हवा बघतात, वायपर बघतात, पण बॉनेट उघडून ऑइल बघणारे फार कमी, आणि जे बघतात त्यातले बरेच चुकीच्या जागी बघतात म्हणून हे लिहितोय. आपल्या कोकणात घर उतारावर, खळं उतारावर, गाडी लावतो ती पाणंदही उतारावरच. गाडी तिरकी असली की खाली चेंबरमधलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि डिपस्टिक (ऑइल मोजायची सळई, तिच्यावर मिनिमम आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात) खोटं सांगते, कधी कमी कधी जास्त. माझं असंच झालं, घरासमोर बघितलं तर लेव्हल मिनिममच्या खाली, घाबरून अर्धा लिटर ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपावर सपाट जागेत बघतो तर मॅक्सच्या बोटभर वर! मग गॅरेजला जाऊन जास्तीचं काढून घेतलं.

तर सपाट जागा म्हणजे आमच्याकडे सडा (डोंगरावरचं कातळाचं सपाट माळरान), नाहीतर पंपावर कडेला जिथे गर्दी नसते तिथे. हँडब्रेक ओढा, इंजिन गरम असेल तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, कारण चालू असताना वर चढलेलं ऑइल खाली उतरायला वेळ लागतो. काही कंपन्या थंड इंजिनवर बघायला सांगतात, काही गरमवर, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच धरा. काही महागड्या गाड्यांना तर डिपस्टिकच नसते, लेव्हल स्क्रीनवर दिसते.

डिपस्टिक ओढा, स्वच्छ सुती फडक्याने पुसा (धागे सुटणारं फडकं नको), परत पूर्ण आत घाला आणि मग काढून बघा. पहिल्यांदा काढल्यावर दिसतं ते धरायचं नाही, तिथे ऑइल वरपर्यंत माखलेलं असतं. लेव्हल दोन खुणांच्या मध्ये असेल तर ठीक आहे, काही ओतू नका, मॅक्सला टेकलीच पाहिजे असं काही नाही.

कमी असेल तर ओतायचं कसं? बहुतेक छोट्या गाड्यांत मिनिमम ते मॅक्स या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरच्या आसपास फरक असतो, म्हणून एकदम अख्खा डबा रिकामा करू नका, दोनशे-अडीचशे मिली ओता, पाच मिनिटं थांबा, परत बघा, मग लागलं तर अजून. झाकण उघडायच्या आधी त्याच्या आजूबाजूची तांबडी माती नीट पुसून घ्या, आपल्याकडची धूळ सगळीकडे शिरते आणि ती आत पडली तर इंजिनचीच वाट लागते. नरसाळंसुद्धा कोरडं हवं, पावसात बाहेर ठेवलेलं नको.

मॅक्सच्या वर कधीच नको हो. जास्त झालं की इंजिनात खाली फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ऑइलमध्ये आपटून फेस करतो, फेसाळ ऑइलला दाब धरता येत नाही, वरून सीलमधून गळती सुरू होते. उलट कमी असेल तर कुंभार्ली घाटाच्या वळणावर ऑइल बाजूला सरकून इंजिनातला ऑइलचा पंप हवा ओढतो आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकतो. तो लाल दिवा लेव्हलचा नसतो, प्रेशरचा असतो, पेटला की "जरा पुढे चिपळूणला बघू" म्हणायचं नाही, लगेच कडेला घेऊन इंजिन बंद.

ऑइल कुठलं? मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड (ऑइल किती पातळ-घट्ट ते सांगणारा आकडा), म्हणजे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० असं जे असेल ते. ब्रँड वेगळा चालतो पण ग्रेड आणि स्पेसिफिकेशन जुळलं पाहिजे. गावातल्या दुकानात बाइकच्या ऑइलचा डबा सहज मिळतो, तो कारमध्ये नको. बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) गाडीला चालणारंच ऑइल घ्या, नाहीतर फिल्टर लवकर चोंदतो.

डिझेलचं ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, ते लवकर काळंच होतं. पण त्याची लेव्हल न ओतता वाढत असेल तर डिझेल मिसळत असेल, हे शहरात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या डीपीएफवाल्या गाड्यांना होतं, गॅरेजला दाखवा. पावसाळ्यात झाकणाच्या आत पांढरट मलईसारखा थर दिसला तर तो बऱ्याचदा नुसती दमट हवा आणि जवळच्या जवळच चालवल्यामुळे येतो, लांब फेरी मारली की जातो. पण डिपस्टिकवरच चहासारखं दुधाळ ऑइल असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं द्रव) किंवा पाणी आत गेलंय, गाडी चालू करू नका. चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या, अशा गाडीला पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून बघायची नाही, थेट टो करून गॅरेजला न्यायची, तिथे ऑइल बदलून, इंजिनमध्ये पाणी नाही ना हे बघूनच मग स्टार्ट.