इंजिनिअरिंग इथे की अमेरिकेत : भाचीसाठी मांडलेला हिशेब

मार्चमध्ये, भाचीची बारावीची परीक्षा संपली त्या आठवड्यात मी कोल्हापूरला भावाकडे होते. जेवणं उरकल्यावर तिने अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. "आत्या, वर्षाला २० हजार डॉलरची स्कॉलरशिप देतायत." ती आत गेल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "ताई, शेत तारण ठेवायची तयारी आहे माझी."

मी इथून मेकॅनिकलची बी. ई. केली, २००९ मध्ये एमएससाठी अमेरिकेत गेले, तिथे सात वर्षं राहून पुण्यात परतले. दोन्हीकडचं शिक्षण अंगावरून गेलेलं आहे, म्हणून त्या रात्री आम्ही ज्या क्रमाने विचार केला तोच क्रम इथे देते. तुमच्या घरात हा प्रश्न आला असेल तर वही घेऊन बसा.

सगळ्यात आधी पैसे. पत्राच्या पहिल्या पानावर २० हजार ठळक अक्षरात होते. तिसऱ्या पानावर ट्यूशन, राहणं-जेवण, आरोग्य विमा आणि पुस्तकं धरून वर्षाचा एकूण खर्च ६८ हजार डॉलर दिला होता. म्हणजे ती स्कॉलरशिप ही खरं तर फीमधली सूट होती आणि ४८ हजार घरातूनच जाणार होते. चार वर्षांचे १ लाख ९२ हजार. डॉलर ९० रुपयांना धरला तर १ कोटी ७३ लाख. तेही फी दरवर्षी वाढणार नाही आणि डॉलर जागचा हलणार नाही असं मानून. मी गेले तेव्हा तो ४८ रुपयांच्या आसपास होता.

आता कर्ज. समजा त्यातले १ कोटी बँकेकडून घेतले, वर्षाला २५ लाख, व्याज साडेदहा टक्के. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. पदवी हातात पडते त्या दिवशी १ कोटीचे सुमारे १ कोटी २६ लाख झालेले असतात. पंधरा वर्षांत फेडायचे तर महिन्याला १ लाख ३९ हजारांचा हप्ता. तिला तिथे नोकरी लागली तर हा हप्ता निघतो. नाही लागली आणि परत यावं लागलं, तर इथल्या नवख्या इंजिनिअरच्या पगारातून तो निघत नाही, मग शेत जातं. भावाने हा आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला आणि पेन खाली ठेवलं. हा आकडा कन्सल्टंटने सांगून पटत नाही, मीही सांगून पटला नसता. तो घरच्यांनी स्वतः काढायला हवा.

इथली बाजू त्याच पानावर मांडा. आयआयटीत बी. टेक.ची ट्यूशन फी वर्षाला २ लाख, आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर त्यातही मोठी सवलत. आमच्यासाठी आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे महाराष्ट्र सरकारचा जुलै २०२४ चा निर्णय. उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. भावाचं घर त्यात बसत होतं आणि त्याला याचा पत्ताच नव्हता. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं मे महिन्याच्या आत काढून ठेवा, तहसीलमध्ये जूनमध्ये रांगा लागतात.

पैशापलीकडे शिक्षण म्हणून अमेरिकेचं मोल मी कमी करणार नाही. माझ्या कॉलेजात वर्कशॉपमध्ये मेल-फिमेल जॉब असायचा. पत्र्याचे दोन तुकडे कानशीने घासून एकात एक बसवायचे. बहुतेकांचा जॉब शेवटी वर्कशॉपचे मामाच पूर्ण करून द्यायचे आणि आम्ही जर्नलवर सही घ्यायचो. फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रयोगाला एक यंत्र आणि भोवती वीस जण. मग अमेरिकेत टीचिंग असिस्टंट म्हणून मी विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये उभी राहिले, तर दुसऱ्या वर्षाची एक मुलगी, सुरक्षेची परीक्षा पास होऊन, गॉगल लावून, एकटी लेथवर स्वतः डिझाइन केलेला शाफ्ट फिरवत होती. माप चुकलं. तिने तुकडा बाजूला ठेवला, वहीत काय चुकलं ते लिहिलं आणि नवा दांडा लावला. कुणी रागावलं नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं होतं, माझी चार वर्षं कुठे गेली म्हणून. तिथे शाखा बदलणं तुलनेने सोपं, दुसऱ्या वर्षापासून प्राध्यापकांच्या संशोधनात हात घालता येतो, दर आठवड्याचा गृहपाठ तपासून परत मिळतो. हे सगळं खरं आहे. प्रश्न एवढाच की ते सतराव्या वर्षी घ्यायचं की बाविसाव्या.

शाखेवरही बरंच ठरतं. भाचीला विमानं आवडतात, एरोस्पेस करायचं होतं. अमेरिकेत संरक्षण आणि अवकाश क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या निर्यात नियंत्रणाच्या कायद्यांमुळे फक्त तिथले नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक यांनाच मिळतात. पदवी मिळते, दार उघडत नाही. तिला हे कुणीही सांगितलं नव्हतं. सिव्हिल असेल तर तिथे नकाशांवर सही करायला पीईचं (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स लागतं, त्यासाठी एबीईटी या तिथल्या संस्थेच्या मान्यतेची पदवी असेल तर वाट सरळ. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकलला इतकी अडचण नाही.

व्हिसाचं थोडक्यात. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, एकूण तीन वर्षं काम करता येतं. पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, त्याच्या वर्षाला ८५ हजार जागा आणि निवडीत नंबर लागणं आपल्या हातात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. तिथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ते लागू नाही, हा खुलासा महिन्याभराने आला. तेवढा महिना माझ्या ओळखीच्या घरांत कुणी नीट झोपलं नाही. आज प्रवेश घेणारी मुलगी चार वर्षांनी या दाराशी पोचणार, तेव्हा नियम कोणते असतील हे गृहीत धरून शेत तारण ठेवू नका.

कॅलेंडरमध्येही एक मेख आहे. तिकडचे अर्ज नोव्हेंबर ते जानेवारीत, म्हणजे जेईईचा अभ्यास ऐन भरात असताना. निकाल मार्चअखेर, आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवून डिपॉझिट भरायचं. इथे जेईई ॲडव्हान्स्ड त्यानंतर होते, सीईटीचा निकाल आणि कॅप राउंड तर आणखी पुढे. म्हणजे इथे काय मिळणार हे न कळताच तिथे हो म्हणावं लागतं. म्हणून सराव परीक्षांवरून इथला अंदाज एप्रिलमध्येच लिहून ठेवा आणि त्या कॉलेजांची नावं अमेरिकेच्या कॉलेजाशेजारी मांडा. पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय मिळण्याची शक्यता असताना अमेरिकेतल्या एखाद्या साधारण विद्यापीठासाठी ती सोडणं मला पटत नाही. उलट इथे फक्त नावापुरती प्रयोगशाळा असलेलं कॉलेज मिळत असेल आणि घरी कर्जाविना पैसे असतील, तर खुशाल पाठवा. आणि एमआयटीसारखं ठिकाण, जिथे परदेशी मुलांनाही घरच्या गरजेइतकी पूर्ण मदत मिळते, तिथे निवड झाली तर दुसरा विचार करू नका.

बाकी घरांसाठी मी सांगते ती मधली वाट : पदवी इथे, मास्टर्स तिथे. खर्च दीड-दोन वर्षांचा, वय समजतं झालेलं, आणि असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्यात किंवा संशोधनात मदतीचं काम, मिळाली तर ट्यूशन माफ होऊन वर मानधन. मला ती दुसऱ्या सेमिस्टरला मिळाली, तीही बी. ई.च्या प्रोजेक्टमुळे. कागल एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आम्ही तिघींनी सहा महिने वाळूच्या साच्यातल्या दोषांची नोंद ठेवली होती. प्राध्यापकांनी मुलाखतीत फक्त त्याबद्दलच विचारलं.

ही वाट धरायची तर पहिल्या वर्षापासून काही गोष्टी जपा. केटी लागू देऊ नका, म्हणजे कुठल्या विषयात नापास होऊन तो मागे ठेवू नका, तिकडे प्रत्येक सेमिस्टरचे गुण बघतात. प्रत्येक वर्षाचा अभ्यासक्रम पीडीएफ करून ठेवा, विद्यापीठ तो बदलतं आणि पाच वर्षांनी जुना मिळत नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत असे दोन प्राध्यापक हवेत, जे तुमचं काम पाहून शिफारसपत्र लिहू शकतील, नुसतं नाव ओळखणारे नकोत. आणि प्रोजेक्ट विकत घेऊ नका. भाचीने त्या वहीच्या मागच्या पानावर हे सगळं उतरवून घेतलं, वर स्वतःच एक ओळ घातली : "फाउंड्रीत कुणाला भेटायचं, आत्याला विचारणे."